चाकाखालची वाट आधी ओळखा

मँचेस्टर, शेफील्ड, लीड्स, डर्बी. या शहरांत आता मराठी घरं बरीच आहेत. मुलं तिथेच शाळेत जातात. उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून आई-वडील येतात, महिना-दोन महिने राहतात. जूनमध्ये चांगलं ऊन पडलं की सगळ्यांनाच बाहेर पडावंसं वाटतं. मग सायकली घेऊन पीक डिस्ट्रिक्टला जायचा बेत ठरतो.

बेत चांगला आहे. जरूर जा. फक्त निघण्याआधी दोन शब्द ऐकून घ्या.

पीक डिस्ट्रिक्ट हा मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधला डोंगराळ मुलूख. 1951 साली तो ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. उद्यान म्हटलं की आपल्याला तिकीट, दरवाजा, पहारेकरी आठवतात. इथे यातलं काही नाही. इथे माणसं राहतात. गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या आहेत. बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे, आणि तिच्यातून सार्वजनिक वाटा जातात. आपण सायकल चालवतो ती या वाटांवरून. म्हणजे पुष्कळदा आपण कुणाच्या तरी शेतातून जात असतो.

म्हणून कुठल्याही वाटेवर चाक घालण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. इथून सायकल न्यायचा मला हक्क आहे का? आणि इथून सायकल न्यायला मला जमेल का?

पहिल्याचं उत्तर नकाशात मिळतं. दुसऱ्याचं नकाशात मिळत नाही. हक्क आहे म्हणून वाट सोपी असेल, असं धरून निघालेली माणसं अडचणीत येतात. वाट सोपी दिसते म्हणून हक्क असेल, असं धरून निघालेली माणसं दुसऱ्याच्या रागाला कारण होतात.

आधी हक्काचं बघू.

इंग्लंडच्या गावाकडच्या वाटा सगळ्या सारख्या नसतात. 'फुटपाथ' ही फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. शहरातल्या रस्त्याकडेचा फुटपाथ तो नव्हे. ही डोंगरातली, शेतातली पायवाट. 'ब्राइडलवे' ही घोडेवाट. तिच्यावरून पायी जाता येतं, घोड्यावरून जाता येतं आणि सायकलवरूनही जाता येतं. याशिवाय 'बायवे' नावाच्या रुंद जुन्या वाटा असतात. त्यांवरही सायकल चालते.

हे ओळखायचं कसं? वाटेच्या तोंडाशी लाकडी खांब किंवा फाटक असतं. त्यावर छोटा बाण असतो. पिवळा बाण म्हणजे पायवाट. निळा बाण म्हणजे घोडेवाट. जांभळा किंवा लाल बाण म्हणजे बायवे. पिवळा दिसला की सायकल नाही. निळा, जांभळा, लाल दिसला की चालेल. एवढं मुलांना गाडीत बसल्या बसल्या शिकवून टाका. मुलं ते पटकन धरतात आणि पुढे तीच तुम्हाला थांबवतात.

खांब पडलेला असतो, बाण पुसलेला असतो, असंही होतं. म्हणून कागदी नकाशा जवळ ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेचे 1:25,000 प्रमाणाचे दोन नकाशे या मुलखासाठी आहेत. उत्तरेकडच्या डार्क पीकचा ओएल 1 आणि दक्षिणेकडच्या व्हाइट पीकचा ओएल 24. त्यांत पायवाट हिरव्या आखूड तुटक रेघांनी दाखवतात आणि घोडेवाट हिरव्या लांब तुटक रेघांनी. फरक बारीक आहे. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावून बघा. घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरा आणि सगळी वाट बोटाने चालून बघा. मध्येच कुठे लांब रेघ आखूड झाली का, ते बघा. झाली असेल तर तिथून पुढे सायकल नेता येणार नाही. हे घरीच कळलेलं बरं.

फोनवरच्या नकाशावर सगळी भिस्त ठेवू नका. काही ॲप पायवाटेवरूनही सायकलचा रस्ता दाखवतात. ॲपने दाखवलं म्हणून हक्क मिळत नाही. शिवाय दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते.

चुकून पायवाटेवर गेलात तर घाबरून जाऊ नका. तो सहसा फौजदारी गुन्हा ठरत नाही. पण दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवाना शिरणं ठरतं, आणि मालक तुम्हाला बाहेर जायला सांगू शकतो. त्याने सांगितलं तर वाद घालू नका. सायकलवरून उतरा, माफी मागा, आल्या वाटेने परत फिरा.

हे नियम इतके काटेकोर का, असं वाटेल. त्यामागे मोठा झगडा आहे, तो तुम्हाला ठाऊक असावा. किंडर स्काउट हा 636 मीटर उंचीचा डोंगर या मुलखातला सर्वांत उंच. शंभर वर्षांपूर्वी तिथली माळरानं जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती. कारखान्यात आठवडाभर राबणाऱ्या मँचेस्टरच्या मजुरांना रविवारी तिथे पाऊल टाकायला बंदी होती. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो तरुण माणसं हेफील्ड गावाहून निघाली आणि बंदी मोडून डोंगरावर चढली. बेनी रॉथमन हा विशीतला तरुण त्यांच्या पुढे होता. त्याच्यासह पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि सार्वजनिक वाटांचा कायदा झाला, आणि दोन वर्षांत हे उद्यान उभं राहिलं.

ती लढाई पायी चालणाऱ्यांची होती. सायकलला घोडेवाटेवर जायचा हक्क मिळाला तो 1968 च्या कायद्याने. तेव्हा डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकली बाजारात आल्याही नव्हत्या. हक्क देताना कायद्याने एक अट घातली. सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. ही नुसती रीतभात नाही, कायदाच आहे.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. घोडेवाट सायकलसाठी सोयीची करून देण्याची जबाबदारी त्याने कुणावरही टाकलेली नाही. म्हणजे वाटेत दगडी पायऱ्या लागल्या, धोंडे लागले, गुडघाभर चिखल लागला, तरी तक्रारीला जागा नाही. वाट जशी आहे तशी घ्यायची. म्हणूनच दुसरा प्रश्न महत्त्वाचा.

2000 साली आणखी एक कायदा झाला. त्याने मोकळ्या माळरानांवर वाट सोडूनही फिरायची मुभा दिली, पण फक्त पायी. म्हणून किंडरच्या पठारावर सायकल नेऊ नका. एडेल गावातून निघणारी 'पेनाइन वे' ही प्रसिद्ध वाटसुद्धा बहुतांशी पायवाटच आहे. ती मोहात पाडते. तिथे सायकल खाली ठेवा आणि चाला.

आता वाटेवरची वागणूक.

घोडा समोरून येत असेल तर थांबा, बाजूला व्हा. मागून जाऊन त्याला गाठणार असाल तर लांबूनच हाक द्या. नुसती घंटी वाजवू नका. 'हॅलो' म्हणा. माणसाचा आवाज ऐकला की घोडा शांत राहतो. मागून मुकाट्याने आलेली सायकल त्याला धावून आलेल्या जनावरासारखी वाटते. घोडा बिथरला तर स्वार पडतो, आणि पहिली लाथ तुम्हालाच बसते. स्वाराने 'या' म्हटलं की अगदी हळू, लांबून, पुढे जा.

पायी चालणाऱ्यांमध्ये म्हातारी माणसं पुष्कळ असतात. त्यांना ऐकू कमी येतं. वेग कमी करा, बोला, हसा, मग पुढे व्हा.

फाटक ज्या स्थितीत सापडलं त्याच स्थितीत सोडा. बंद होतं तर बंद करा. उघडं होतं तर उघडंच ठेवा, कारण मेंढ्यांना पाण्याकडे जाता यावं म्हणून शेतकऱ्याने ते मुद्दाम उघडं ठेवलेलं असू शकतं. तुम्ही पाच-सहा जण असाल तर शेवटचा कोण, हे आधीच ठरवा. फाटक लावणं त्याचं काम. 'मागचा लावेल' असं प्रत्येकाला वाटतं आणि फाटक उघडं राहतं. मग मेंढ्या रस्त्यावर येतात आणि गाडीखाली मरतात.

शेतांच्या कडेचे दगडी गडगे चुना-सिमेंटाशिवाय रचलेले असतात. त्यांवर चढू नका, त्यांना सायकल टेकवू नका. एक दगड हलला की मागोमाग वावभर गडगा ढासळतो. तो पुन्हा रचायला माणसाचा दिवस जातो.

मार्च ते मे मेंढ्यांची पिल्लं लहान असतात. पिल्लू वाटेत आलं तर थांबा. त्याच्यामागे सायकल दामटली तर ते आईपासून तुटतं. वासरू बरोबर असलेल्या गाईपासूनही चार हात लांब राहा. ही गाय आपल्या दारातल्या गाईसारखी माणसाळलेली नसते.

आता दुसरा प्रश्न. जमेल का?

पहिल्यांदाच जात असाल, बरोबर लहान मुलं किंवा वडीलधारी माणसं असतील, तर मॉन्सल ट्रेलला जा. तिथे चुकण्यासारखं फारसं काही नाही.

ही जुन्या रेल्वेची वाट आहे. 1860 च्या दशकात ही लाइन डोंगर फोडून नेली. 1968 साली गाड्या बंद झाल्या. रूळ काढले आणि वाट लोकांसाठी खुली झाली. बेकवेल गावापासून ब्लॅकवेल मिलपर्यंत साडेआठ मैल, म्हणजे साडेतेरा किलोमीटरच्या आसपास. रेल्वेची वाट असल्यामुळे मोठा चढ नाही. खाली घट्ट बारीक खडी आहे. वाटेत लांब बोगदे आहेत. ते बरीच वर्षं बंद होते. 2011 साली ते उघडले, तेव्हापासून सगळी वाट सलग झाली. मॉन्सल हेडजवळ वाट एका उंच दगडी पुलावरून जाते. खाली वाय नदी आहे. तिथे थांबा, मुलांना सायकलवरून उतरवा आणि मग खाली बघू द्या. पुढे क्रेसब्रुक आणि लिटनच्या जुन्या सूतगिरण्या लागतात. लिटनच्या गिरणीत अनाथ मुलांना राबवून घेतलं जाई. आपल्या मुलांना हे सांगा. त्यांच्याच वयाची मुलं होती ती.

बोगद्यात शिरताना गॉगल काढा. उन्हातून एकदम आत गेलं की क्षणभर काही दिसत नाही. डावीकडे राहा, वेग कमी करा. आत दिवे आहेत, पण अंधार पडल्यावर त्यांचा भरवसा धरू नका. सायकलला स्वतःचा दिवा हवा. आत थंडी असते, तेव्हा मुलांचं जाकीट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. प्रतिध्वनी ऐकायला मुलांना ओरडावंसं वाटतंच. या वाटेवर घोडेही येतात. आधी पुढे-मागे बघा, मग ओरडू द्या.

सायकल नसेल तर भाड्याने मिळते. वाटेवरच्या हॅसप स्टेशनच्या जुन्या इमारतीत दुकान आहे. लहान मुलाला मागे बसवायची गाडीही मागून बघा. सुट्टीच्या दिवशी आधी फोन करून सांगून ठेवा.

जाताना उत्साहाने खूप लांब जाणं होतं. परत तेवढंच यायचं आहे, हे सर्वांत लहान मुलाच्या पायांकडे बघून ठरवा. शेवटच्या टोकाशी बक्स्टन गाव येईल असं समजू नका. वाट त्याच्या अलीकडेच संपते. बेकवेलला परत आलात की तिथलं पुडिंग खा. ते गावचं जुनं पक्वान्न आहे. त्यात अंडं असतं, घरात कुणी खात नसेल तर आधी सांगा.

दुसरी वाट डरवेंट खोऱ्यातल्या धरणांभोवतीची. मॉन्सल जमलं, मुलं दहा-बारा वर्षांची झाली, की इथे या.

फेअरहोम्स इथे गाडी लावायची. तिथेही सायकली भाड्याने मिळतात. वरची दोन धरणं, हाउडन आणि डरवेंट, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यांच्याभोवती एक फेरी सुमारे 16 किलोमीटरची होते. पश्चिमेच्या बाजूला डांबरी रस्ता आहे. पूर्वेला खडीची, दगडांची वाट आहे. डांबरी बाजूने सुरुवात करा. पाय मोकळे होतात, सायकलीचे ब्रेक समजतात, आणि खडबडीत भाग पुढ्यात येतो तेव्हा तुम्ही तयार असता. रविवारी गाडी लावायची जागा लवकर भरते. सकाळी दहाच्या आत पोचा.

डरवेंट धरणाला दोन दगडी मनोरे आहेत. 1943 साली जर्मनीतली धरणं फोडायला निघालेल्या विमानदलाच्या 617 स्क्वाड्रनने याच पाण्यावर खाली उडण्याचा सराव केला होता. खालचं लेडीबॉवर धरण मात्र 1935 ते 1943 या काळात बांधलं, आणि त्यात डरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं बुडाली. ज्यांची घरं कोयनेत किंवा उजनीत गेली त्यांना याबद्दल जास्त सांगायला नको. उन्हाळा फार कोरडा गेला की गावाचे अवशेष वर दिसतात. ते बघायला चिखलात उतरू नका. वरून सुकलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि पाय धरून ठेवतो. तिथे माणसं अडकली आहेत. काठावरून बघा.

पाण्यातही उतरू नका. पोहायला मनाई आहे. जुलैतसुद्धा पाणी इतकं थंड असतं की चांगल्या पोहणाऱ्याचा श्वास अडकतो.

तिसरी वाट खरी डोंगरातली. होप गावाहून जुन्या रोमन रस्त्याने होप क्रॉसपर्यंत आणि तिथून जॅगर्स क्लफ उतरून एडेलला. ही लहान मुलांना घेऊन करू नका. चांगली माउंटन बाईक, चांगले ब्रेक आणि चार-सहा महिन्यांचा सराव असेल तरच जा.

माझ्या मते पीक डिस्ट्रिक्ट समजून घ्यायला याहून चांगली वाट नाही. ब्रफच्या किल्ल्यापासून ग्लॉसपजवळच्या किल्ल्यापर्यंत रोमन सैन्याने केलेला हा रस्ता. त्यानंतर शेकडो वर्षं यावरून सामान लादलेल्या तट्टांचे तांडे जात राहिले. मीठ, लोकर, चीज असा माल असे. तट्टं हाकणाऱ्याला इथे 'जॅगर' म्हणत. त्यांच्या नावाचा तो ओढा, जॅगर्स क्लफ. वर खिंडीजवळ माणसाहून उंच असा एक दगडी खांब उभा आहे. त्यावर 1737 हे साल कोरलेलं आहे. चार बाजूंना चार गावांची नावं आहेत: एडेल, ग्लॉसप, होप, शेफील्ड. धुकं उतरल्यावर तांड्याला वाट सापडावी म्हणून तो उभारला. तुम्हालाही तो त्याच कामी येईल. तिथे थांबा, पाणी प्या, नकाशा काढा आणि खांबावरच्या नावाशी आपली दिशा ताडून बघा.

खांबापासून ओढ्याकडे जाणारा उतार सुट्या दगडांचा आहे. उतरण्याआधी सीट खाली करा. दोन्ही पायडल आडव्या रेषेत ठेवा आणि त्यांवर उभे राहा. बूड थोडं मागे न्या. कोपर सैल ठेवा. पुढचा ब्रेक एकदम दाबू नका. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. चाकाखाली न बघता दहा पावलं पुढे बघा. पोटात गोळा आला तर उतरून चाला. उतरून चालणाऱ्याला तिथे कुणी हसत नाही. ओढ्यापलीकडचा चढ तर मुरलेले सायकलवालेही ढकलत चढतात.

जोराचा पाऊस होऊन गेला असेल आणि ओढ्याचं पाणी गढूळ, वेगाने जात असेल, तर ओलांडू नका. परत फिरा. गुडघ्यापर्यंतचं पाणीही सायकल धरलेल्या माणसाला पाडू शकतं.

या वाटेची सोय अशी की होप आणि एडेल दोन्ही गावांना रेल्वे स्टेशन आहे. मँचेस्टर-शेफील्ड लाइनवर ही गावं येतात. गाडीने होपला उतरा, सायकलने एडेलला या, गाडीने घरी जा. मात्र लोकल गाडीत सायकलींना जागा मोजकीच असते, साधारण दोन सायकलींना पुरेल एवढी. चार जण असाल तर दोन गाड्या धरायची तयारी ठेवा.

याच्या पुढच्या अवघड वाटा आत्ता नकोत. जेकब्ज लॅडर नकाशात घोडेवाट आहे. कॅसल्टनच्या पेव्हरिल किल्ल्याखालून जाणारी केव्ह डेलही घोडेवाट आहे. हक्क पुरेपूर आहे. पण जेकब्ज लॅडरला धोंड्यांचा तीव्र उतार आहे, आणि केव्ह डेलचा चुनखडक पाऊस पडून गेला की साबण लावल्यासारखा निसरडा होतो. खास सायकल पार्कमध्ये वाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे अवघडपणाचे रंग दिलेले असतात. इथल्या जुन्या वाटांना तसं कुणी काही दिलेलं नाही. बाणाचा निळा रंग फक्त हक्क सांगतो. तो सायकल पार्कमधला निळा नव्हे. ही गल्लत नवख्या माणसांकडून फार होते. आणि कॅसल्टनला गाडीरस्त्याने जायचं झालं तर मुलांना विनॅट्स पासच्या चढावर नेऊ नका. रस्ता अरुंद आणि फार खडा आहे, गाड्या अंगाला घासून जातात.

हवेचं आणि उजेडाचं बोलू.

सह्याद्रीतला पाऊस धो धो पडतो आणि आपण त्यात हौसेने भिजतो. तो सराव इथे कामाचा नाही. इथला पाऊस बारीक असतो, पण वाऱ्याबरोबर तो अंगातली ऊब काढून घेतो. खाली गावात ऊन असतं तेव्हा वर बोटं बधिर होतात. ब्रेक बोटांनीच दाबायचे असतात, हे लक्षात ठेवा. हातमोजे घ्या, जूनमध्येही. सुती टी-शर्ट अंगाला चिकटून गार राहतो. लोकरीचा किंवा लवकर सुकणारा कपडा घाला. वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट हवंच. ओढणी, लांब मफलर, सैल पायजमा चाकात अडकतो. घरच्या बायकांनी आणि वडीलधाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्या. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही. तरी प्रत्येकाच्या डोक्यावर ते असू द्या, मुलांच्या आधी मोठ्यांच्या.

जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्या आठवड्यात हमखास लोकांना डोंगरात अंधार गाठतो. परतायची वेळ निघण्याआधी ठरवा आणि ती पाळा. दिवा बरोबर असू द्या.

सतत पाऊस पडल्यावर डार्क पीकच्या वरच्या भागात जाऊच नका. तिथली जमीन पीटची, म्हणजे शेवाळ कुजून साचलेल्या काळ्या मातीची आहे. ती वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढते. एका ओल्या दिवसात आपल्या टायरने ती वीतभर खोल चिरली जाते. अशा दिवशी मॉन्सल ट्रेल बरी. कोरड्या दिवसांत हीच माती पेट घेते. माळरानावर शेगडी, बार्बेक्यू, सिगारेट, काही नको. खाणं घरून करून न्या.

खाण्याचं आपल्याकडे उत्तम आहे. दशम्या, गूळपोळी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर. खिशात मावतं, टिकतं आणि चढावर ताकद देतं. दर तासाला थोडं खा, भुकेची वाट बघू नका. ओढ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका; वर मेंढ्या असतात. चिक्कीचा कागद खिशात परत ठेवा.

सायकलबरोबर पंप, जादा ट्यूब, टायर काढायचे चमचे आणि पान्यांचा छोटा जोड ठेवा. ट्यूब बदलायची कशी, ते घरच्या अंगणात एकदा करून बघा. पावसात, अंधारात, मुलं रडत असताना ते पहिल्यांदा शिकायचं नसतं. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरलं तर आधी दुकान गाठा.

विजेवरची सायकल घेणार असाल तर बघून घ्या. 250 वॉटची, ताशी 25 किलोमीटरच्या आसपास मोटर बंद होणारी सायकल कायद्याला साध्या सायकलसारखीच आहे. ती घोडेवाटेवर चालते. पण चालवणारा 14 वर्षांचा तरी हवा. त्याहून ताकदवान सायकल मोटारसायकल ठरते. ती इथे आणू नका.

एकट्याने जाऊ नका. कुठून निघणार, कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार, हे घरी लिहून ठेवा. अपघात झाला तर 999 ला फोन करा. आधी पोलीस मागा, मग 'माउंटन रेस्क्यू' म्हणून सांगा. नुसती ॲम्ब्युलन्स मागितली तर ती रस्त्यापर्यंतच येईल. फोन लागत नसेल तर एसएमएस जातो, पण त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो. आजच 999 वर 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत पाठवा आणि उत्तरात सांगतील तसं करा. शिटी जवळ ठेवा. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. मदतीला येणारी माणसं स्वयंसेवक असतात. ती पैसे घेत नाहीत. पण नोकरी-धंदा सोडून येतात. तेव्हा खरी गरज असेल तेव्हा अजिबात संकोच करू नका, आणि नुसतं दमला आहात म्हणून बोलावू नका.

भारतातून आलेल्या आई-वडिलांबद्दल एक वेगळी सूचना. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यात तातडीच्या विभागातले उपचार सर्वांना मोफत असतात. पण दाखल व्हावं लागलं तर पाहुण्यांना बिल येतं, आणि ते मोठं असतं. म्हणून प्रवासाचा विमा उघडून वाचा. पुष्कळ विम्यांत डोंगरातली सायकल धरलेली नसते. धरलेली नसेल तर आई-बाबांना मॉन्सल ट्रेलवर चालायला न्या. हॅसपच्या स्टेशनवर चहा मिळतो. तुम्ही सायकलवरून परत येईपर्यंत ते मजेत बसतील.

घरी आल्यावर दोन कामं राहतात. पहिलं, सगळ्यांचं अंग तपासा. झुडपांतून, उंच गवतातून गोचिडी अंगावर चढतात. काखेत, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांत बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, मीठ, काडी लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा. वेळेवर औषध सुरू झालं तर लाइमचा आजार बरा होतो.

दुसरं, सायकल त्याच संध्याकाळी धुवा. चुनखडीचा चिखल रात्रभर वाळला की चेन आणि ब्रेक दोन्ही खातो. साध्या पाण्याने धुवा, पुसा, चेनला तेल लावा. भाड्याची सायकल असेल तर परत देताना काय आपटलं, काय वाकलं, ते दुकानदाराला खरं सांगा. उद्या तीच सायकल दुसऱ्या कुणाचं तरी मूल घेऊन जाणार आहे.